खारीचे मागचे पाय

बाई जिन्यावरून धावत खाली आल्या तेव्हा मला वाटलं, वर आग लागली. मी संग्रहालयात पाट्या रंगवतो, त्याला आता एकतीस वर्षं झाली. एवढ्या काळात बाईंना धावताना मी पाहिलेलं नव्हतं. त्या चालायच्याही अशा, की जमिनीला लागेल म्हणून जपून पाय टाकताहेत असं वाटावं. त्या दिवशी एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, हातात चिमटा तसाच आणि चेहरा पांढराफटक. मी ब्रश डब्यात ठेवायचा सोडून ओल्या पाटीवर ठेवला.

"वर चला," त्या म्हणाल्या. एवढंच.

बाईंची खोली महिनाभरापूर्वीच तळघरातून दुसऱ्या मजल्यावर आली होती. तळघराच्या भिंतींना ओल आली, कातड्यांना बुरशी धरायला लागली, तेव्हा कुठे वरच्यांना जाग आली. नव्या खोलीला खिडकी होती आणि खिडकीच्या अगदी समोर शेजारच्या शाळेच्या आवारातलं एक उंच, खडबडीत सालीचं झाड. बाईंनी मला खिडकीशी उभं केलं आणि खोडाकडे बोट दाखवलं. खोडावर एक खार होती. डोकं खाली, शेपूट वर, मध्येच थांबून पुढच्या दोन्ही हातांत काहीतरी धरून कुरतडत होती.

"मागचे पाय बघा," बाई म्हणाल्या.

मी पाहिले. मागचे दोन्ही पाय घोट्यापासून उलटे फिरलेले होते. तळवे सालीला टेकलेले, बोटं वर आभाळाकडे, नख्या सालीत रुतलेल्या आणि अख्खी खार त्या दोन पायांवर लटकलेली. पुढचे हात मोकळेच होते, म्हणून तर ती आरामात खात होती. खाऊन झाल्यावर ती सरसर चार हात खाली आली, पुन्हा थांबली, पुन्हा तशीच लटकली. मग वळून वर चढायला लागली तेव्हा तेच पाय सरळ. आपण दाराची कडी फिरवतो तितक्या सहज ती घोटे फिरवत होती.

मी आयुष्यात हजारभर खारी पाहिल्या असतील, पण त्यांचे पाय कधी पाहिले नव्हते. अशाच उलट्या पायांची एक खार मात्र मी सव्वीस वर्षांपूर्वी पाहिली होती आणि तिला बघून चारचौघांबरोबर मीही पोट धरून हसलो होतो.

बाई म्हणजे आमच्याकडच्या मेलेले प्राणी भरणाऱ्या. लोक पेंढा भरणारी म्हणतात, ते त्यांना मुळीच खपत नाही. पेंढा त्यांनी जन्मात वापरला नाही. आत असते तार, भुसा, चिकणमाती आणि कापूस. बाविसाव्या वर्षी त्या इथे झाडलोटीला लागल्या. काम काय, तर मऊ कुंचल्याने प्राण्यांवरची धूळ काढायची. एकदा घुबड साफ करता करता त्यांनी त्याचा एक पंख बोटभर खाली दाबला. का, तर 'इतकं अवघडून कोण बसेल?' मास्तरांनी ते दारातून पाहिलं. त्याच दिवशी त्यांनी बाईंच्या हातातला कुंचला काढून घेतला आणि चिमटा दिला.

मास्तर म्हणजे बाईंच्या आधीचे प्राणी भरणारे. बोलणं मोजकं, तेही पुटपुटत. झाडांवर राहणाऱ्या प्राण्यांचं अख्खं दालन त्यांनी एकहाती उभं केलेलं. मधोमध सिमेंटचं मोठं झाड, त्याला खरी साल डकवलेली आणि त्यावर चढणारे, लटकणारे, झेप घेणारे, झोपलेले बावन्न प्राणी. सुतार पक्षी शेपटीचा टेकू घेऊन खोडाला बिलगलेला. वटवाघळं उलटी, स्वतःच्याच वजनाने बोटं घट्ट मिटलेली, म्हणून झोपेतही न पडणारी. मांजर मात्र पाठमोरं उतरताना, कारण त्याच्या नख्यांचा बाक एकाच दिशेचा आणि डोकं खाली केलं की ते घसरणारच. हे सगळं मास्तरांनी पुस्तकातून काढलेलं नव्हतं. रोज सकाळी आठ ते नऊ ते मागच्या अंगणातल्या झाडांखाली स्टूल टाकून बसायचे आणि वर बघत राहायचे. कुठलाही प्राणी भरायला घेतला की त्यांचा पहिला प्रश्न एकच: वजन कुठंय? ते कळलं की बाकीचं हात आपोआप करतात, असं त्यांचं म्हणणं.

बाई त्या सकाळच्या तासाला कधीच नसायच्या. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. तिचं सगळं आवरून, जेवण झाकून ठेवून त्या धापा टाकत दहाला पोहोचायच्या. त्यामुळे जिवंत प्राणी त्यांच्या वाट्याला आलेच नाहीत. त्या शिकल्या त्या तळघरात, हाडांवरून. ड्रॉवरमधला कुठलाही सांगाडा डोळे मिटून, नुसता चाचपून त्या ओळखायच्या. पाच-सहा वर्षांत त्यांचा हात असा बसला की मास्तर आपलं काम त्यांना दाखवल्याशिवाय काचेआड ठेवेनात. तिची नजर माझ्यापेक्षा बरी आहे, असं ते एकदा मला म्हणाले होते, आणि मास्तर कुणाला चांगलं म्हणण्यातले नव्हते.

मग ते वर्ष आलं. गाड्या लावायला जागा हवी म्हणून अंगणातली सगळी झाडं तोडली. मास्तर महिनाभर बुंध्यांमध्ये स्टूल टाकून बसले, मग तेही सोडलं. त्याच सुमारास त्यांनी ती खार केली. डोकं खाली करून खोडावरून उतरणारी, मागचे पाय उलटे. बाईंची आई तेव्हा दवाखान्यात होती आणि त्या पंधरा दिवस रजेवर होत्या, म्हणून ही एकच खार त्यांनी न बघता काचेआड गेली.

नवे साहेब पाहुणे घेऊन दालनात आले आणि खारीसमोर थांबले. "ही खार आहे की भूत? पाय उलटे बसलेत," ते म्हणाले आणि हास्याचा गडगडाट झाला. मी तिथेच शिडीवर पाटी टांगत होतो. मीही हसलो, इतका की शिडी हलली. मास्तर म्हणाले, ते असेच असतात. साहेब म्हणाले, दाखवा. आता दाखवणार काय आणि कुठे? अंगणात डांबर घातलेलं होतं.

साहेबांनी बाईंचं मत मागितलं, तेही लेखी. बाईंनी ड्रॉवरमधून खारीचा सांगाडा काढला, सुकवून ठेवलेला एक पाय काढला, घोटा इकडून तिकडून फिरवून पाहिला. वाळलेला घोटा जागचा हलला नाही. हाडं खोटं बोलत नाहीत, हे बाईंचं तेव्हाचं आवडतं वाक्य. त्यांनी मास्तरांनाही विचारलं. मास्तरांनी नुसतं बाहेर बघ म्हणून सांगितलं, आणि बाहेर बघायला बाईंना वेळ नव्हता. आई घरी परत आली होती. त्यांनी कागदावर लिहिलं: मागचे पाय चुकीच्या दिशेने बसवले आहेत. खाली सही केली. त्यांना वाटलं, पाय सरळ करायला सांगतील आणि विषय संपेल. साहेबांनी महिन्याच्या आत मास्तरांना घरी बसवलं, दृष्टी अधू झाली असं कारण दाखवून. मास्तरांची जागा बाईंना मिळाली.

जाताना मास्तरांनी आपला अंगरखा घडी घालून खुंटीखाली ठेवला आणि कुणाशी न बोलता फाटकाबाहेर पडले. बाई दिवसभर तळघराबाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी खारीचे घोटे ओले करून मऊ केले, पाय सरळ फिरवले आणि तिला परत झाडावर बसवलं. ती पडली. पुन्हा बसवली, पुन्हा तोंडावर पडली. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा बाईंनी तिच्या पोटातून एक स्क्रू घातला आणि तिला खोडाला पक्की ठोकून टाकली.

पुढे हाच किस्सा झाला. बाई काही विनोदी नाहीत, पण नवीन कुणी कामाला लागलं किंवा पाहुणे आले की खारीपाशी थांबून त्या हमखास सांगायच्या: आमच्या मास्तरांनी हिचे पाय उलटे लावले होते, मी सरळ केले तर बयेला उभं राहता येईना. लोक हसायचे. मी तर नक्कल करून दाखवायचो. त्या खारीखालची पाटीही माझ्याच हातची आहे. सव्वीस वर्षं शाळाच्या शाळा येऊन तिचं चित्र काढून गेल्या. एकालाही खटकलं नाही, आणि आम्हा शहाण्यांनाही नाही.

त्या सकाळी खिडकीशी उभं राहून हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं असेल तर बाईंच्या डोक्यातून काय गेलं असेल? मग त्यांनी बर्फाच्या पेटीतून गाडीखाली सापडलेली एक खार काढली. आठवडाभरापूर्वी कुणीतरी आणून दिली होती. ती टेबलावर नरम होईपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. चांगला तासभर. मग बाईंनी तिचा मागचा पाय दोन बोटांत धरला आणि फिरवला. तो फिरला. फिरतच गेला, पार उलटा झाला, कुठे अडकला नाही की कुठे कट्कन वाजलं नाही. बाईंनी तो सोडून दिला आणि हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा. मग मी फिरवून पाहिला. माझ्याही बोटांत तो तसाच फिरला.

आम्ही दालनात गेलो. बाईंनी काच सरकवली, खारीच्या पोटाखाली हात धरला आणि मला स्क्रू काढायला लावला. तो निघाल्याबरोबर खार त्यांच्या तळहातावर कोसळली.

"तीनदा पडली होती," बाई म्हणाल्या. "तीनदा. वजन कुठंय, हे मी तिला विचारलंसुद्धा नाही. स्क्रू घातला."

मी समजूत घालायला गेलो, म्हटलं, बाई, तुम्ही पोरसवदा होता, आणि मास्तरांनी तरी नीट समजावून का सांगू नये? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळून टाकलं. त्यांना एकच कळायला हवं होतं: मास्तर आहेत का? असतील तर आज, आत्ता त्यांच्यासमोर जाऊन सांगायचं, तुमचं बरोबर होतं. नसतील तर ते चुकीचे ठरूनच गेले, आणि ते आता कुणाच्या बापाला दुरुस्त करता येणार नाही.

सव्वीस वर्षांत आमच्यापैकी कुणी त्यांच्या घराकडे फिरकलं नव्हतं. बाई दोनदा निघाल्या होत्या आणि कोपऱ्यावरून परतल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. जुन्या नोकरांच्या नोंदवहीत पत्ता सापडला. बसमध्ये बाई ओठ हलवत होत्या. काय बोलायचं त्याची उजळणी चालली होती. मास्तर शिव्या देतील, दार लावून घेतील, कदाचित ओळखणारच नाहीत, असं त्यांनी एकेक मला सांगून टाकलं. वरच्या जागेसाठी मी सही केली असं त्यांना वाटत असेल, त्या म्हणाल्या. हेच बाईंना इतकी वर्षं आतून खात होतं.

दार मास्तरांच्या मुलीने उघडलं. ती शिवणकाम करते. पुढची खोली कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली, मधे मशीन आणि मशीनशेजारी खाटेवर मास्तर. वय शहाऐंशी, अंगाने काडी झालेले, पण मान ताठ. मुलीसाठी ते सुयांमध्ये दोरे ओवून उशीत टोचून ठेवत होते. पंधरा-वीस सुया, प्रत्येकीत वेगळ्या रंगाचा दोरा. मी बघतच राहिलो, कारण त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. दृष्टी अधू म्हणून ज्यांना आम्ही घालवलं, ते शहाऐंशीव्या वर्षी उघड्या डोळ्यांनी सुई ओवत होते.

मास्तरांनी दाराकडे पाहिलं, मग मुलीला म्हणाले, "दोघं आलेत ना?"

"हो बाबा, दोघं," ती मशीनवर बसता बसता म्हणाली.

बसमध्ये ठरवलेलं काहीच बाईंच्या तोंडून निघालं नाही. त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मास्तर, खार उतरताना मागचे पाय उलटेच करते. मी चुकीचं लिहून दिलं होतं."

मास्तरांच्या हातातली सुई हवेत राहिली. ते आता चिडतील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर चिडावंच, अशी माझी इच्छा होती. आम्हाला चार शब्द ऐकून घ्यायची गरज होती. पण त्यांनी शांतपणे विचारलं, कशावरून लिहिलं होतंस. बाई म्हणाल्या, वाळलेल्या हाडांवरून. वाळलेला घोटा फिरत नाही, मास्तर म्हणाले आणि मान हलवली. मग बाईंनी सगळं सांगितलं: खिडकी, झाड, ताजी खार, स्क्रू. वरच्या जागेचा विचारही मनात नव्हता, हेही सांगितलं. मास्तरांनी त्याकडे लक्षच दिलं नाही. असं काही त्यांच्या मनाला कधी शिवलेलंच नव्हतं.

"तुझा कागद साहेबांनी मला वाचायला दिला होता," ते म्हणाले. "खाली तुझी सही होती. मी दुसऱ्या दिवशी मोठ्या बागेत गेलो. एक खार उतरत होती. मला तिचे पाय उलटेच दिसले."

त्यांनी सुईतला दोरा ओढून सारखा केला.

"मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत. तेव्हा मला कळलं. डोळे नाही, डोकं गेलंय. नाही ते दिसायला लागलंय."

"माझ्या एका सहीवरून?" बाई म्हणाल्या.

"तुझी नजर मीच तयार केली होती. ती चुकेल हे माझ्या मनातच आलं नाही."

मी कापडाच्या गठ्ठ्यावरच बसलो. माणूस बागेत गेला, जे होतं तेच त्याला दिसलं, अगदी बरोबर दिसलं, आणि त्यावरून त्याने स्वतःला वेडा ठरवलं. आम्ही तिकडे नकला करून हसत होतो तेव्हा. मी आयुष्यात बऱ्याच वाईट गोष्टी ऐकल्या आहेत, पण अशी ऐकली नव्हती, आणि हिच्यात माझा हात होता.

मशीनचा आवाज बंद पडला होता. मुलगी वडिलांकडे बघत होती, जन्मात पहिल्यांदा बघावं तशी.

"म्हणून ते मला विचारतात," ती म्हणाली. "तेव्हापासून रोज. कावळा बसलाय ना, दार उघडं आहे ना, गाडी येतेय ना. डोळ्यांनी सगळं दिसतं त्यांना. तरी विचारतात. मला वाटायचं, वय झालं."

बाई मास्तरांच्या पायाशी जमिनीवर बसल्या. त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले, सुईसकट. सुई टोचली असणार, पण दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

"मास्तर, तुमचं डोकं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हाही ठीक होतं. तुम्हाला दिसलं ते खरं होतं."

मास्तरांनी बाईंचा चेहरा नीट न्याहाळला. मग त्यांनी मान वळवून मुलीकडे पाहिलं.

"ही असं म्हणाली ना?" त्यांनी विचारलं.